चोळीबांगडीतलं गॅरेज

घरात गवंडी आला आणि त्यानं पिशवीतून पाणसाळ काढली, की मी उठून आत जाते. त्या काचेच्या नळीतला बुडबुडा मला बघवत नाही. शेजारणी म्हणतात, म्हातारीला काय बाई एकेक खूळ! असू दे खूळ. ज्या बुडबुड्यानं माझा संसार खाल्ला, त्याच्याकडे बघून मी काय ओवाळणी घालू?

आमचे हे कोकणातले. पोटासाठी घाट चढून आले आणि देहूरोडकडच्या एका लष्करी वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून चिकटले. इंग्रज जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रक वाढत होते, पिंपरीच्या बाजूला कारखान्यांची बांधकामं निघाली होती, आणि ज्याला त्याला वाटत होतं की आता आपलं काहीतरी होणार. यांनाही वाटलं. माणूस अबोल, पण डोक्यात एकदा काही शिरलं की शिरलं. मी बोलून मोकळी होणारी, हे गिळून बसणारे.

यांच्या डोक्यात शिरली होती चाकं. ट्रकची पुढची दोन चाकं एकमेकांशी ओळीत हवीत आणि ठरावीक इतकीच कललेली हवीत. तसं नसलं तर टायर एका कडेनं झिजतं आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. आमच्याकडचे मिस्त्री तेव्हा हे काम सुतळी लावून, एक डोळा मिटून करत. यांनी वर्कशॉपात त्याचं यंत्र पाहिलं होतं. जेवताना ताटातली चटणी भाकरीच्या तुकड्यानं अशी ओढून मला दाखवायचे, हे बघ, असं चाक, असा कल. मी म्हणायची, अहो, जेवा आधी, कल पळून जात नाही.

लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव निघाला आणि त्यात ते यंत्र यांच्या हाती लागलं. यांनी नोकरी सोडली. सरकारी नोकरी, हो! माझ्या माहेरी माणसं नवस करत तसल्या नोकरीसाठी. मी रागानं जेवले नाही. हे शेजारी बसून राहिले आणि एवढंच म्हणाले, "माझ्या हाताला येतं ते एकच काम आहे गं. ते मला नीट करून बघू दे." मी ताट पुढे ओढलं.

यंत्र म्हणजे फार काही नव्हतं. दोन लोखंडी थाळ्या, त्यांच्यावर पुढची चाकं चढवायची, म्हणजे ती थाळीसकट अलगद फिरत. चाकांमधलं अंतर मोजायची एक लांब, सरकती दांडी. आणि एक पितळी माप, त्यात बुडबुडा. ते चाकाला लावलं की चाक किती कललंय ते कळे. हे ते माप पंच्याच्या घडीत गुंडाळून ठेवत. मला हात लावायची मनाई नव्हती, पण मीच लावत नसे.

"याला एकच गोष्ट लागते," हे म्हणाले. "खालची जमीन सपाट. अगदी ताटात पाणी ठेवलं तर कुठल्याच बाजूला जाता कामा नये."

माझं माहेर चिंचवडच्या पुढे, रस्त्याला लागूनच. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांची रस्त्याकडेला दोन रानं होती. एक नुसता माळ, वर मुरूम आणि खाली खडक, तिथं शेळ्यासुद्धा तोंड वाकडं करून चरायच्या. दुसरी ओढ्याच्या अंगाची काळी पट्टी. त्या पट्टीतल्या शाळूचं कणीस दोन मुठीत मावत नसे. आबा परगावच्या पाहुण्याला आधी ती पट्टी दाखवत आणि मग घरी नेऊन चहा पाजत.

हे आबांकडे गेले आणि माळाचा एक तुकडा मागितला. मी दारातच उभी होते.

आबांचं तोंड उतरलं. "माळ? पाव्हणं, तितं कुसळंबी धड उगवत न्हाईत. लेकीला दगाड दिला म्हनून गावानं माज्या तोंडात श्यान घालावं व्हय?"

"आबा, मला दगडच चालेल."

"तुमाला चालंल. मला न्हाई चालनार."

आबांना वाटलं, जावई भिडेपोटी कमी मागतोय. जावयानं जेवढं कमी मागावं तेवढं सासऱ्यानं वाढून द्यावं, ही आमच्याकडची रीत. ताटात वाढतात तसं त्यांनी रान वाढलं. चार माणसं बोलावली, नारळ ठेवला आणि काळ्या पट्टीतले रस्त्याकडचे चार गुंठे माझ्या चोळीबांगडीला दिले. "दोन पुरुस खोल काळी हाय," छातीवर हात ठेवून म्हणाले. "माज्या बाचीबी सोन्यावानी व्हती ही." गावच्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी नवं लुगडं नेसून मिरवत होते. असा बाप मिळायला भाग्य लागतं, असं मला वाटत होतं. आजही वाटतं, हेच तर दुखणं आहे.

हे काही बोलले नाहीत. कोकणी माणूस. त्यांच्या मुलखात घर जांभ्या दगडावर असतं, जमीन म्हणजे पायाखाली असते तिथंच असते. काळं रान त्यांनी आगगाडीच्या खिडकीतून पाहिलेलं. आबांना काळ्या रानाची नस न् नस ठाऊक, पण तिथं ट्रक उभा करून बुडबुडा मधोमध आणायचाय, हे त्यांना कोण सांगणार? एकाला जमीन ठाऊक नाही, दुसऱ्याला काम ठाऊक नाही, आणि मधे मी, मला दोन्ही अर्धं अर्धं ठाऊक.

भर उन्हाळ्यात काम काढलं. रानाला भेगा पडल्या होत्या. लहानपणी माझा एक वाळा असल्याच भेगेत पडला होता, हात कोपरापर्यंत घालूनही सापडला नव्हता. पण काळ्या रानाला भेगा पडायच्याच, त्याची तक्रार करतं का कोणी? यांनी भेगा बुजवल्या, वर दगड बसवले, खडी-सिमेंटचा जाड थर ओतला. मग रबरी नळी आणली, तिच्या दोन्ही टोकांना काचेच्या नळ्या बसवल्या, आत पाणी भरलं. एक टोक यांच्या हातात, एक माझ्या. फरशीच्या एका कोपऱ्यात हे उकिडवे बसलेले, दुसऱ्या कोपऱ्यात मी. पाणी दोन्हीकडे एका रेघेवर आलं की हे मान हलवत आणि आम्ही पुढच्या कोपऱ्यात सरकत असू. माझे गुडघे सोलले, पण खोटं कशाला सांगू, आमच्या लग्नातले सगळ्यात सुखाचे दिवस तेच. शेवटच्या कोपऱ्यातही पाणी रेघेवर आलं, तेव्हा हे नळी टाकून हसले. हा माणूस दात दिसतील असा हसतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

वर पत्र्याची शेड, मागे आमची एक खोली. थाळ्या फरशीत बसल्या. पहिली गाडी निगडीच्या एका मुसलमान ट्रकवाल्याची आली. वयानं मोठे, सगळे त्यांना चाचा म्हणत. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. चाचांनी गाडी रस्त्यावर नेऊन आणली आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून दाखवले. गाडी सरळ चालत होती. "भाभी, तुमच्या मिस्त्रीनं जादू केली," म्हणाले. त्या उन्हाळ्यात गाड्या येत राहिल्या.

आबा आठवड्याच्या बाजाराला जाता-येता थांबत. आत येत नसत. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही तोंडाला लावायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत, आणि आबा रीतीचे पक्के. बांधावर बसत, आपला तांब्या बरोबर आणत, त्यातलंच पीत. फरशीकडे बघून म्हणत, "भुईचं चीज केलंसा, पाव्हणं." मला मूल झालं नाही. होईल होईल म्हणता ते राहूनच गेलं, आणि आबांचा तांब्या त्यांच्या बरोबर येत राहिला.

श्रावणात आमच्या खोलीचं दार अडकायला लागलं. लाकूड फुगलं म्हणून मी रंधा मारून घेतला. मग फरशीच्या कडेला केसाएवढी चीर दिसली. मी शेणानं सारवून टाकली, म्हटलं, यांना कशाला जिवाला घोर. पुढे चाचा आले. हसले नाहीत, नमस्कार-चमत्कार नाही. ट्रकमधून टायर काढून यांच्या पुढ्यात टाकलं. आतल्या कडेनं पार गुळगुळीत झालं होतं.

"मिस्त्री, तुम्ही महिन्यापूर्वीच चाकं लावून दिली. घाटात गाडी डावीकडे ओढत होती," ते सावकाश म्हणाले. "डावीकडे दरी आहे."

यांनी ती गाडी पुन्हा थाळ्यांवर घेतली. बुडबुडा मधोमध. यंत्र म्हणत होतं, चाक बरोबर आहे. आणि टायर म्हणत होतं, नाही. यांचं तोंड पांढरं पडलं. गाडी खाली घेऊन यांनी ती चाचांच्या समोर सुतळीनं, जुन्या पद्धतीनं लावून दिली. यंत्र असून सुतळी! मला त्यांच्याकडे बघवेना.

मग एकामागून एक गाड्या तक्रार घेऊन येऊ लागल्या. यांनी यंत्र खोललं, पुसलं, परत जोडलं. थाळ्या ज्यांच्यावर फिरत त्या पोलादी गोळ्या धुतल्या. बुडबुड्याचं माप वर्कशॉपातल्या जुन्या सोबत्याकडे नेऊन तपासून आणलं. माप बरोबर. मग स्वतःवर संशय घेऊ लागले. रात्री पडल्यापडल्या हात डोळ्यांसमोर धरून बघत बसत. एक ड्रायव्हर माझ्या देखत फिदीफिदी हसत म्हणाला, "काय मिस्त्री, नाचता येईना, अंगण वाकडं!" मी हातातली बादली त्याच्या अंगावर ओतली. कामाचं काळं पाणी होतं, बरं झालं. पण हे मलाच ओरडले, "गिऱ्हाइकावर पाणी ओततेस?"

एके सकाळी यांनी ती रबरी नळी काढली. शेवटचं म्हणून फरशी तपासायची होती. मी माझ्या जुन्या कोपऱ्यात बसले, हे त्यांच्या. माझ्याकडचं पाणी रेघेच्या खाली गेलं.

"टोक हलवू नकोस."

"नाही हलवत."

पाणी खालीच. नळीत हवा असेल म्हणून यांनी ती परत भरली. परत तेच. दुसऱ्या कोपऱ्यात वेगळंच.

"अगं, धड धरता येत नाही का तुला? सारखी हलतेयस!"

माझी सटकली. काय कमी सोसलं होतं मी? "मी नाही हलत!" मी ओरडले. "ही मेली जमीन हलतेय!"

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. माझा वाळा, त्या भेगा, दार, फरशीची चीर, सगळं एकदम समोर आलं. पाऊस प्यायली की काळी माती फुगते, उन्हात सुकली की आक्रसते. हे आमच्या गावात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. उन्हाळ्यात सपाट केलेली फरशी पावसात एका अंगानं उचलली होती. तिरक्या फरशीवर हे चाक सरळ करत होते, म्हणजे चाक फरशीइतकंच तिरकं होऊन बाहेर पडत होतं. त्या ड्रायव्हरची म्हण खरी होती. अंगणच वाकडं होतं, आणि माझा नवरा त्यावर जीव तोडून नाचत होता.

यांनी नळीतलं पाणी ओतून दिलं आणि नळी गुंडाळली. मग म्हणाले, "आबांना सांगू नकोस."

आम्ही हरलो नाही, अजून. पावसाळा सरल्यावर फरशी पुन्हा सपाट करून घेतली. थंडीत चांगली राहिली. उन्हाळ्यात कडा बसल्या आणि फरशी मधोमध तडकली, पार थाळ्यांपर्यंत. तेव्हा हे म्हणाले, सगळी काळी उपसून टाकू, खालचा मुरूम लागला की त्यावर बांधत येऊ. आणि फरशीच्या कडेला पहार घेऊन उतरले. कमरेएवढं खणलं, काळीच. छातीएवढं खणलं, काळीच. मी वरून पाटी ओढत होते. शेवटी हे डोक्यासकट आत गेले आणि तिथून वर बघून म्हणाले, "अगं, ही संपतच नाही."

दोन पुरुष खोल. आबांनी सांगितलंच होतं की छातीवर हात ठेवून.

आबा आले ते नेमके तेव्हाच. उपसलेल्या ढिगाकडे बघून त्यांचा चेहरा असा झाला, की जणू आम्ही गाय कापायला घेतलीय. "खड्डा कशापाई?"

हे खाली पहार धरून उभे. मला गप्प बसता येत नाही, तो माझा स्वभावच नाही. "तुमची माती हलते, आबा! तिच्यावर काही उभं राहत नाही. आमचं सगळं बुडालं हिच्यापायी!"

"हलनारच की." आबांना काही कळेना. "हलती म्हनून तर पिकती. हलत न्हाई ती माती न्हवं, त्यो दगाड."

"आम्हाला दगडच हवा होता."

आबांनी खड्ड्यात उभ्या असलेल्या जावयाकडे पाहिलं. जावयानं नजर खाली घातली. आबांना तो माळ आठवला असणार, कारण ते ढिगावरच मटकन बसले. "मग बोलला का न्हाईसा वं, पाव्हणं? माळ मागताना बोलला का न्हाईसा?" हे बोलले होते. चार शब्दच बोलले होते, पण बोलले होते. आबांना ते लाजणं वाटलं.

"माळ घ्या आता," आबा म्हणाले आणि बोलताबोलताच थांबले. माळ कुठं राहिला होता? कारखान्यासाठी रस्त्याकडेची रानं गेली त्यात माळही गेला होता. त्यावर पांढऱ्या खुणेचे दगड रोवून झाले होते. गावात सगळे हसले होते, की बघा, शहाण्यासुरत्या माणसांनी काळी सोडून दगड घेतला. मीही हसले होते.

हे पुढं त्याच कारखान्यात लागले. फिटर म्हणून, दुसऱ्याच्या हाताखाली. माळावरच्या शेडमधली फरशी कशी सपाट आहे, हे त्यांनी मला एकदा सांगितलं आणि परत कधी सांगितलं नाही. यंत्र गोणपाटात बांधून खाटेखाली गेलं. मी केर काढताना झाडू त्याला लागला की हे पेपरातून डोकं वर काढत आणि मग परत पेपर वाचत. स्वतःहून ते कधी खाली वाकले नाहीत. दात दिसतील असं हसणं त्या उन्हाळ्यापाशीच राहिलं. लोक म्हणत, नोकरी तर आहे, काय वाईट झालं? जळली मेली ती नोकरी. माझा माणूस रोज जेवणाचा डबा घेऊन जायचा आणि रिकामा डबा घेऊन यायचा, एवढंच त्याच्यात उरलं होतं.

शेडचे पत्रे आम्ही उतरवून विकले आणि आबांनी फरशी फोडायला घेतली. एकट्यानं, घणानं. मदतीला कोणाला येऊ दिलं नाही. दगड-खडी वेचून बांधावर टाकली, खड्डा बुजवला, काळी होती तशी पसरली. वखरून, पाऊस खाऊ देऊन, वेळ येताच शाळू पेरला. मी खोलीच्या दारातून बघत होते. मला वाटलं, निदान हे तरी जागेवर येईल. गॅरेज गेलं तर गेलं, आबांचं रान तर आबांना परत मिळेल.

शाळू उगवला. आजूबाजूला गुडघ्याला लागला. पण मधे, जिथं गाड्या उभ्या राहत होत्या आणि वंगण, जळकं तेल, ग्रीस गळून भेगाभेगांतून खाली उतरलं होतं, तिथं काही नाही. आबांनी त्या जागेवर परत पेरलं. परत काही नाही. पुढच्या साली शेणखत ओतलं, पुन्हा पेरलं. एका ट्रकएवढी जागा काळी ती काळीच राहिली.

त्या साली कणसं धरली तेव्हा आबा आले. त्या मोकळ्या जागेत जाऊन बसले, बोटानं उकरून ढेकूळ काढलं, नाकाशी नेलं. कितीतरी वेळ तसंच धरून होते. मी जवळ गेले. त्यांनी ढेकूळ चुरलं, बोटं काळी-तेलकट झाली.

"पोरी," ते म्हणाले, "तुला दिली म्हनलं, तर तुजीबी झाली न्हाई. आन् माजीबी ऱ्हायली न्हाई."

रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. तेलाचे हात धोतराला पुसायला गेले आणि थांबले, धोतर पांढरं होतं. बरोबरच्या तांब्यातलं पाणी पिऊन संपलं होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा पानी आन हातावर."

मी तांब्या भरून आणला आणि त्यांच्या हातावर पाणी घातलं. ते चोळत राहिले, मी घालत राहिले, तेल निघेना. माझ्या घरचं पाणी माझ्या बापानं जन्मात घेतलं, ते तेवढंच.